नेलपॉलिशची कवटी

१२ मे. सकाळपासून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडते आहे. अंगण लाल, हात लाल, विळी लाल. कोणी नवखा माणूस फाटकातून आत आला असता तर त्याने पोलिसांना फोन केला असता. गर वेगळा, बिया वेगळ्या, सालं वेगळी. सालांना रसाची आणि मिठाची पुटं देत उन्हात वाळवायची, की सोलं, म्हणजे आमसुलं, तयार. हे काम उद्यावर टाकता येत नाही. रातांबे माणसाची सवड बघत नाहीत, सरळ नासतात. दुपारी जाडं मीठ संपलं म्हणून कोठीच्या खोलीत वरच्या फळीवरची जुनी बरणी काढायला गेले. बरणीवर लाल नेलपॉलिशने काढलेली कवटी. बरणी पुढे ओढली तर मागे भिंतीला टेकून एक छोटी पत्र्याची डबी. तिच्यावरही कवटी, आणि चांगली ठसठशीत.

मी बरणी खाली घेतली, डबी खाली घेतली, आणि आधी मिठाचं काम उरकलं. हातातलं काम टाकून आठवणी काढत बसायची मला सवय नाही. आता संध्याकाळ झाली आहे, सालं ताटांत पसरून झाली आहेत, बोटांचा रंग काही लवकर जायचा नाही. तेव्हा मंजूआत्येबद्दल लिहून टाकते.

मंजूआत्या आमची शेजारीण. तारकर्लीच्या अलीकडे आमची वाडी, नारळांच्या मधोमध आमचं घर, आणि आमच्या घराच्या उजव्या कुशीला तिचं. ती कोणाची सख्खी आत्या होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळी वाडीच तिला आत्ये म्हणायची. ठेंगणी, काटक, पाचवारी साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, आणि कमरेला कापडी चंची. इतर बायकांच्या चंचीत पान-सुपारी असते. हिच्या चंचीत दोनच वस्तू: मिश्रीची डबी आणि लाल नेलपॉलिशची बाटली.

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. सकाळी पायरीवर बसून ती बोटाने दातांना लावायची, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडातलं सांभाळत "हूं... हूं..." असं काहीतरी विचारायचं, हा तिचा नेम. नेलपॉलिश मुंबईची भाची विसरून गेलेली. तिने ती नखांना कधी लावली नाही. तिने ती जगाला लावली.

कारण मंजूआत्येच्या मते जगात जे काही आहे त्यातलं निम्मं वीख होतं. विषाला आमच्याकडे वीख म्हणतात. मैदो वीख. साखर वीख. डास पळवायची अगरबत्ती वीख. जिलबीचा पिवळा रंग वीख. फ्रीजमधलं मासळीचं कालचं कालवण तर महावीख. आणि जे वीख, त्यावर कवटी. ती दुसऱ्याच्या घरात शिरायची, फळीवरचा डबा उघडून वास घ्यायची, चंचीतून बाटली काढायची, डब्यावर कवटी काढायची आणि सुकेपर्यंत फुंकर घालत उभी राहायची. घरच्यांनी तोवर चहा ठेवायचा. साखरेचा चहा. तो ती प्यायची.

"आत्ये, साखर वीख ना गो?" असं कोणी विचारलं तर म्हणायची, "तुमच्या घरची साखर. माका नाय बाधणा."

तिला चित्रकला येत नव्हती. वर गोल, त्यात दोन डोळे, खाली तोंड. एकूण प्रकार सोललेल्या नारळासारखा दिसायचा. शिवाय तोंडाची रेघ दरवेळी वर वळायची, त्यामुळे तिची प्रत्येक कवटी हसरी. मी एकदा म्हटलं, "आत्ये, धोक्याची कवटी अशी हसते होय?"

ती म्हणाली, "वीख गोडच लागता गो बाये. ता कित्याक रडात? रडतलो तो पिणारो."

हे वेड तिला लागलं कुठून, याची गोष्ट ती विचाराल तेव्हा सांगायची आणि दरवेळी नवी सांगायची. एकदा म्हणाली, मामाने केंड नावाचा विषारी मासा खाल्ला आणि जागच्या जागी आटोपला. पुढच्या वेळी तोच मामा काजऱ्याची बी चावून गेला. त्यानंतर त्याने बकरीच्या पाठोपाठ कण्हेरीचा पाला खाल्ला. का खाल्ला ते तिने सांगितलं नाही. गणपतीत तिच्याकडे एक धष्टपुष्ट म्हातारे जेवायला आले होते. पंचखाद्याचा दुसरा वाडगा मागत होते. "हे कोण?" मी विचारलं. "ते माजे मामा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अजिबात न बघता मोदक वाढायला गेली.

पण नेलपॉलिशची खरी सुरुवात आमच्याच पडवीत झाली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. होडी रंगवायला आलेल्या माणसाने उरलेला थिनर सरबताच्या बाटलीत भरून खुर्चीखाली ठेवला होता. माझे सासरे उन्हातून आले, बाटली उचलली, झाकण फिरवलं. मंजूआत्या अंगण झाडत होती. तिने तिथूनच खराटा फेकला. बाटली उडाली, थिनर सांडला, सासऱ्यांचा पुढचा दात पडला आणि जीव वाचला. जिवाबद्दल सासऱ्यांनी तिचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. दाताबद्दल मात्र ते मरेपर्यंत कुरकुरत होते. त्याच संध्याकाळी मंजूआत्या नेलपॉलिश घेऊन आली आणि घरातल्या फिनेल, रॉकेल, उंदराचं औषध अशा सगळ्या बाटल्यांवर कवट्या काढून गेली. मी हरकत घेतली नाही. काम उपयोगाचं होतं. पुढे सासऱ्यांचं ब्लडप्रेशर निघालं तेव्हा ती मिठाच्या बरणीपर्यंत पोचली, आणि मग तिला थांबवणं कोणाला जमलं नाही.

माझ्या घरी मी पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने देते. राहणं, न्याहारी, दोन वेळचं जेवण. एकदा पुण्याचं कुटुंब आलं होतं. त्यांच्या घरच्या बाईंना मालवणी मसाल्याची कृती हवी होती, म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्या फळीकडे बघत राहिल्या. मीठ, साखर, मैदा, रवा, पापडखार. ओळीने हसऱ्या कवट्या.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "काल रात्रीच्या जेवणात ह्यातलं काय काय होतं?"

"सगळंच," मी म्हटलं. मी मसाला कुटत होते, माझ्या लक्षात आलं नाही.

मंजूआत्या मागच्या दाराशी उभी होती. शहरातल्या माणसांशी ती कचेरीत अर्ज द्यायला गेल्यासारखं शुद्ध बोलायची. ती पुढे झाली आणि म्हणाली, "घाबरू नका. आजपर्यंत येथे कोणीही मेलेले नाही. जे गेले ते आपल्या पायांनी गेले."

ते लोक दुपारी आपल्या पायांनी गेले. दिवाळीत परत आले, ही गोष्ट वेगळी. त्या बाईंनी स्वतःच्या मिठाच्या डब्यावर कवटी काढून घेतली आणि तो डबा पुण्याला नेला.

हे सगळं गमतीचंच होतं असं मात्र नाही. कवटी निघाली की वाडीत कुजबुज निघायची. शेजारच्या शांताकाकीच्या मिरचीच्या लोणच्यावर तिने कवटी काढली, कारण बरणीचं झाकण तिला गंजलेलं वाटलं. झालं. काकीच्या घरचं कोणी काही घेईना. हळदीकुंकवाला काकीने वाटलेले लाडूसुद्धा बायका पदराआडून कुत्र्याला घालायला लागल्या. मी मंजूआत्येला सरळ सांगितलं, "आत्ये, त्या झाकणातल्या विषाने कोणाला काही झालं नसतं. तू जे पसरवलंस ना, त्याने काकी मरेल."

 संध्याकाळी वाडीतल्या बायका विहिरीवर जमल्या तेव्हा ती काकीची बरणी काखेत मारून तिथे आली, कठड्यावर बसली आणि सगळ्यांच्या देखत नुसतं लोणचं खायला लागली. भात नाही, भाकरी नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "बरा झालाहा," म्हणायची आणि आणखी एक मिरची तोंडात टाकायची. शेवटी शांताकाकीनेच तिच्या हातातून बरणी ओढली. "पुरे गो मंजू! मरशीत आणि परत माजाच नाव होयत!" त्या दिवसापासून काकीचे लाडू माणसं खायला लागली. आत्येचं पोट काही दिवस बिघडलेलं होतं, पण ते तिने लोणच्यावर येऊ दिलं नाही. "हवा बदलली," म्हणायची.

आता तपेल्याची गोष्ट.

आमच्या देवळाची वर्षाची समाराधना असते. सगळी वाडी जेवायला. त्यासाठी देवळाची पितळेची मोठी भांडी आहेत, माणूस आत बसेल एवढी. त्या वर्षी देवळाच्या कामाला बाबी पुढे होता. बाबी म्हणजे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, कामाला वाघ, आणि काम झालं की त्याचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकणारा. त्याने आणि त्याच्या मित्रांनी भांडी साफ करायला घेतली. आतून ती काळपट-पांढरी दिसत होती. बाबीला ते बघवेना. त्याने ग्राइंडरला पॉलिश करायची चकती लावली आणि सगळ्यात मोठं तपेलं आतून असं घासलं की सोन्याचं वाटावं. फोटो आला. खाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली.

ते काळपट-पांढरं म्हणजे कल्हई होती. पितळेला आतून कथलाचा थर देतात तो. तो नसला आणि आत आंबट पदार्थ पडला की पदार्थ कळकतो, आणि कळकलेलं पोटात गेलं की माणूस आडवा होतो. आमच्या आयांना हे माहीत होतं. पण कल्हईवाला वाडीत यायचा बंद झाला, घरोघरी स्टील आलं, आणि आमची सगळ्यांची डोकीही हळूहळू स्टीलची झाली. त्या सोन्यासारख्या तपेल्यात सोलकढी केली गेली. कोकमाचं आगळ आणि नारळाचा रस. आंबट म्हणजे किती आंबट.

मंजूआत्या सकाळी देवळात आली, तपेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्या वीख आसा."

सगळे हसले. हसणारच. त्याच सकाळी तिने देवळाच्या माइकवरही कवटी काढली होती.

"आत्ये," बाबी म्हणाला, "तुका देवाचो अंगारोय वीखच दिसता."

"अरे मेल्या, कल्हई खरवडलंस तू! रंग बघ कढयेचो!"

सोलकढी गुलाबी असते. ही काळपट जांभळी दिसत होती. पण मांडवाला निळं कापड होतं, त्याची सावली असेल असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. मी तेव्हा वडे तळत होते, त्यामुळे मला हा संवाद दुरून ऐकू आला. आत्या एकेकाचा हात धरून सांगत होती आणि एकेक जण हात सोडवून घेत होता. चंचीत हात घालून ती तपेल्याकडे निघाली तेव्हा पोरांनी तपेल्याभोवती कडं केलं. देवळाच्या भांड्यावर कवटी नको, म्हणाले.

जेवणाआधी गाऱ्हाणं घालतात. मानकरी पुढे उभे राहतात आणि सगळ्यांच्या वतीने देवाला सांगतात. प्रत्येक वाक्याला लोकांनी एकमुखाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की ते डोक्यातून येत नाही, सरळ छातीतून येतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज सालाबादप्रमाणे तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत, तेंची सेवा गोड मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर आसात, ती सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मानकरी श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने, खांबामागून, खणखणीत आवाज आला:

"आणि बाबग्यान घासलेल्या तपेल्यातली कढी जो कोण पियात, तेका वेळेर परसाकडे पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्ख्या मांडवाने छाती फोडून सांगितलं.

 कोणाच्या तरी हातातला पेला खाली पडून गोल फिरत राहिला. मानकऱ्यांनी घाईघाईने गाऱ्हाणं संपवून टाकलं. देवासमोर एकदा "व्हय" म्हटलं की म्हटलं. ते परत घ्यायची सोय आमच्याकडे नाही.

पंगत बसली. कढी वाढायला आली की पानं झाकली जायला लागली. "माका सर्दी आसा." "माका आंबट चलत नाय." मानकरी म्हणाले, "माजो आज उपास," आणि समोर वडे होते. बाबीचं तोंड लाल झालं. त्याने पेला भरला, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि गटागट प्यायला. दुसरा भरला, तोही प्यायला. "बघा! काय झाला? काय नाय!"

तो बसला. एक वडा खाल्ला. दुसरा वडा हातात घेऊन विचारात पडला. मग वडा पानात ठेवून उठला, आधी चालला, मग भरभर चालला, आणि देवळामागच्या बागेत धावत दिसेनासा झाला. मांडवात कोणी हसायचं नाही असं ठरवल्यासारखे सगळे पानाकडे बघत होते. शांताकाकीला पहिली उबळ आली. मग पंगतच्या पंगत लोळली. मानकऱ्यांचा उपास तिथेच मोडला.

आम्ही बायकांनी कढी माडांच्या मुळांतसुद्धा न ओतता लांब खड्ड्यात ओतली, माझ्याकडचे स्टीलचे टोप आणले, नारळ परत खवले. बाबीला मीठ-साखरेचं पाणी दिलं, डॉक्टरांना आणून दाखवलं. संध्याकाळपर्यंत तो देवळाच्या ओट्यावर उशी घेऊन पडण्याइतका बरा झाला. मंजूआत्या त्याच्या उशाशी बसून वारा घालत होती. चेहऱ्यावर इतकं समाधान की मलाच तिचा राग आला.

बाबीने एक डोळा उघडला. "आत्ये," तो म्हणाला, "वाडयेत सगळ्याक कवटी काढलंस. माज्या तपेल्याक काढूक गेलंस. तुज्या मिश्रीच्या डबयेर खंय आसा गो?"

आत्येचा पंखा थांबला. मग ती पंखा ओट्यावर ठेवून उठली आणि घरी गेली. 

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची दाढ दुखायला लागली म्हणून मी तिला मालवणला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तोंडात दिवा धरला आणि दाढ सोडून गालाच्या आतल्या बाजूलाच बघत राहिल्या. तिथे पांढरा चट्टा होता.

"आजी, तंबाखू खाता?"

"छे छे," आत्या शुद्ध भाषेत म्हणाली, "मी केवळ दात घासते."

"कशाने?"

आत्येने छताकडे बघितलं. मी सांगितलं, मिश्रीने, जन्मभर. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "आता सोडलीत तर हा चट्टा जाण्याची आशा आहे. नाही सोडलीत तर पुढे काय होतं ते मी सांगू का?"

"नको," आत्या म्हणाली. "मी लोकांना सांगत असते, मला माहीत आहे."

एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर पायरीवर बसली, चंचीतून डबी काढली, नेलपॉलिश काढली आणि जीभ दातांत धरून डबीवर कवटी काढायला लागली. इतका वेळ तिने कुठल्याच कवटीवर घालवला नव्हता. दात एकेक वेगळा काढला. रेघ खाली वळवायचा प्रयत्न केला असावा. ती वर वळलीच. मग फुंकर घालून सुकवली आणि डबी माझ्या हातात दिली.

"सुमन, ह्या तुज्याकडे ठेव. मी मागलंय तरी देव नको. रडलंय तरी देव नको."

"नाही देणार," मी म्हटलं.

"तुज्यासारखी कठीण काळजाची बाय वाडयेत दुसरी नाय, म्हणान तुका दितंय."

ही माझी तिने केलेली एकमेव स्तुती.

दुसऱ्या सकाळी ती माझ्या दारात. "सुमन, डबी दी."

"नाही."

"फक्त वास घेतंय."

"नाही."

"तुका काय वाटता, कवटी मी काढली ती खरी? माका काय कळता? मी जिलबयेर पण काढलंय!"

"नाही, आत्ये."

मग तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात माझ्या माहेरच्या म्हशीलाही सोडलं नाही. मी भांडी घासत ऐकून घेतलं. आणखी एका सकाळी ती तुळशीसमोर उभी राहून मला ऐकू येईल अशा आवाजात गाऱ्हाणं घालत होती, "ह्या बायेचा मन वायच पघळव रे म्हाराजा!" आणि दुसरं कोणी नसल्यामुळे "व्हय म्हाराजा" पण स्वतःच म्हणत होती.

मिश्री नसल्यामुळे हाताला चाळा हवा, तो सगळा वाडीवर निघाला. त्या दिवसांत तिने काय रंगवलं नाही? एसटीचा थांबा. मानकऱ्यांची स्कूटर. माझ्या नवऱ्याचा जेवणाचा डबा. शांताकाकीचं मांजर, कारण ते झुरळ खातं. नेलपॉलिश संपली तर बाबीच तिला नवी बाटली आणून द्यायचा. बाबीनेच तिला नारळाच्या करवंटीची राख करून आणली, मिश्रीच्या जागी दातांना लावायला. ती तिने लावली, वाडीभर काळे दात दाखवत हिंडली आणि म्हणाली, "ह्यात काय मजा नाय. ह्या वीख नाय."

समाराधनेच्या भांड्यांसाठी बाबीने स्वतः शोधाशोध करून कल्हईवाला आणला. देवळाच्या आवारात भट्टी पेटली, नवसागराचा धूर झाला आणि तपेलं आतून चांदीसारखं निघालं. आत्या नाकाला पदर लावून भट्टीपाशी बसली होती. धूर वीख आहे, असं कल्हईवाल्याला सांगत होती.

मग एका सकाळी तिने डबी मागितली नाही. मी मुद्दाम दारात थांबले. ती पायरीवर बसली होती, तोंड रिकामं, रस्त्याने जाणाऱ्यांशी स्पष्ट शब्दांत बोलत होती. लोक दचकत होते. इतकी वर्षं "हूं हूं" म्हणत ती नेमकं काय विचारायची, ते त्यांना आता कळत होतं. "अरे, कर्जाचा काय केलंस?" "सुनेन हाकलल्यान काय रे?" पुष्कळांना वाटलं, मिश्री बरी होती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दिवा धरला आणि हसल्या. चट्टा फिका झाला होता, आणि त्याच्या पुढच्या वेळी दिसेना. त्यानंतर मंजूआत्या बरीच वर्षं जगली. गेली ती गेल्या वर्षी, थंडीत. कुठल्याच विषाने नाही. ऐंशी ओलांडलेली होती, ताप आला आणि शरीर थकलं.

कुडाळच्या दवाखान्यात मी डबा घेऊन जायचे. तिथेही पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या तांब्यावर कवटी होती. नर्सने ती पुसली नव्हती. उलट स्वतःच्या नखांना लावायला बाटली मागून घेतली होती, आणि मंजूआत्येने तिला ती दिली होती. शेवटच्या संध्याकाळी पेज भरवली, तोंड पुसलं, डबा पिशवीत टाकला आणि निघाले. दारापाशी पोचल्यावर मागून टिचकी ऐकू आली. वळले. बोलायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. तिने उजव्या हाताचं बोट वर केलं, दातांवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं.

डबी.

त्या वयात, त्या पलंगावर, एक चिमूटभर दिली असती तर काय बिघडणार होतं, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. बिघडलं काहीच नसतं. पण तिने मला सांगून ठेवलं होतं, आणि मी कबूल केलं होतं. मी मान हलवली. नाही.

ती हसली. उरलेले सगळे दात दाखवून हसली, आणि तेच बोट माझ्याकडे रोखून हलवलं, परीक्षेत पास केल्यासारखं.

१३ मे. सकाळी डबीचं झाकण उचकटलं. मिश्री तशीच होती, वास थोडा उतरलेला. मिरचीच्या रोपांवर मावा पडला आहे आणि तंबाखूच्या पाण्याने तो मरतो. मिश्री पाण्यात उकळली, गाळली, त्यात थोडं साबणाचं पाणी घातलं, पंपाच्या बाटलीत भरली आणि रोपांवर मारली. डबी घासून बटणं ठेवायला घेतली. बाटलीत थोडं पाणी उरलं. घरात पाहुणे आहेत, कोणी चुकून हात लावील, म्हणून लेकीच्या कपाटातली नेलपॉलिश घेतली आणि बाटलीवर कवटी काढली. रागीट काढायची होती. हसरीच आली.

मग सालं उन्हात नेली.